गिटारसाठी हाताने बांधलेला १२ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प : चौदा महिने वापरल्यावर

अ‍ॅम्प घरी आला त्या संध्याकाळी हौसेने व्हॉल्यूम पाचवर नेला, आणि दहाव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या काकू दारात. "अरे, वर काही पडलं का?" १२ वॅट म्हणजे बेडरूमपुरता अ‍ॅम्प, हा माझा समज तिथेच निकालात निघाला.

घेण्याआधी हे गणित कुणी तरी समजावायला हवं होतं. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे ५० वॅटचा अ‍ॅम्प माझ्या १२ वॅटवाल्यापेक्षा चौपट जोरात वाजत नाही. फरक पडतो तो वेगळ्याच जागी : क्लीन, म्हणजे स्वच्छ आवाज कुठे संपतो आणि ब्रेकअप, म्हणजे फाटका आवाज कुठे सुरू होतो. कमी वॅटचा अ‍ॅम्प निवडताना स्वतःला एवढंच विचारायचं, की माझा ड्रमर किती जोरात वाजवतो आणि त्याच्यासोबत मला क्लीन हवंय की नकोय.

माझा अ‍ॅम्प फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या ट्वीड डीलक्सच्या सर्किटवर, म्हणजे ज्याला सगळे ५ई३ म्हणतात त्यावर बांधलेला आहे. ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह, असे : आउटपुटला दोन ६व्ही६, त्यांच्या आधी १२एवाय७ आणि १२एएक्स७, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरला ५वाय३. शिवाय बारा इंची एक स्पीकर. नॉब तीनच : दोन चॅनलचे दोन व्हॉल्यूम, एक टोन. गायक-गिटारवादक नील यंगमुळे हे सर्किट बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. बांधणाऱ्याने आठ आठवडे सांगितले होते, लागले पाच महिने. स्पीकरसकट ९२ हजार मोजले. त्याआधी एका मित्राचा ५ वॅटचा, एकच ६व्ही६ असलेला अ‍ॅम्प महिनाभर वापरून पाहिला होता. रेकॉर्डिंगला झकास, पण ड्रमरने काठ्या हातात घेतल्या की तो कुठे गेला ते शोधावं लागायचं.

तीन जणांच्या आमच्या ब्लूज बँडमध्ये हा अ‍ॅम्प घट्ट बसतो. व्हॉल्यूम साडेचारच्या आसपास, पुढे एसएम५७ माइक लावून पीएमध्ये, म्हणजे हॉलच्या ध्वनिव्यवस्थेत. गिटारचा व्हॉल्यूम चारवर आणला की जवळपास क्लीन, दहावर नेला की गुरगुरणारा. आवाज आवरून धरणारा निगेटिव्ह फीडबॅक सर्किटमध्ये नसल्यामुळे पिक किती जोरात मारला ते हा लगेच बोलून दाखवतो. चुकासुद्धा तितक्याच प्रामाणिकपणे. मात्र लग्नाच्या संगीताला मी तो एकदाच नेला. तिथे हिंदी गाण्यांची चकचकीत क्लीन रिदम हवी असते, आणि ती ड्रमरच्या वर नेईपर्यंत हा फाटायला लागलेला असतो. आता तसल्या कामाला मॉडेलर (निरनिराळ्या आवाजांची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) नेतो. ज्याचं पोट अशा कार्यक्रमांवर आहे त्याने हा अ‍ॅम्प घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

हंबकर, म्हणजे दुहेरी कॉइलच्या जाड आवाजाच्या पिकअपची गिटार वाजवणाऱ्यांसाठी आणखी एक. मूळ सर्किटमधले कपलिंग कॅपॅसिटर (एका टप्प्यातला सिग्नल पुढच्या टप्प्यात नेणारे) ०.१ मायक्रोफॅरडचे असतात. व्हॉल्यूम वर गेला की खालच्या तारा पातळ पिठल्यासारख्या पसरतात. मी एका चॅनलला ०.०२२ चा लावून घेतला. हंबकरवाली लेस पॉल गिटार त्यात, टेलिकास्टर दुसऱ्यात. आणि गंमत म्हणजे जो चॅनल वापरात नाही त्याचा व्हॉल्यूम फिरवला तरी वापरातल्याचा आवाज बदलतो. पहिले दोन आठवडे मला वाटत होतं, वायरिंग चुकलंय.

ऑगस्टमध्ये कुरकुर सुरू झाली. कांदाभजी तळल्यासारखा आवाज, तोही मी वाजवत नसताना. बांधणाऱ्याला फोन केला, तर "दमट हवा आहे, होतं असं" एवढंच उत्तर. शेवटी पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळ जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत, त्यांच्याकडे नेला. उघडल्या उघडल्या त्यांनी आधी कॅपॅसिटर डिस्चार्ज केले (आत ३०० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही टिकून राहतात, घरी उघडायच्या फंदात पडू नका), मग सर्किटवर नजर टाकून म्हणाले, "हा तर रेडिओच आहे रे, नुसतं ट्यूनिंग काढलंय." लाकडी पेन्सिलीने एकेक भाग ठोकत वीस मिनिटांत ट्यूबच्या प्लेटचा १०० के (किलोओहम) रेझिस्टर पकडला. जुन्या काळाची शोभा म्हणून कार्बन कॉम्पोझिशनचा घातला होता, आणि हे ओल धरतात. मेटल फिल्मचा लावला, कुरकुर बंद. आवाजात मला तरी काडीचा फरक कळला नाही. हाताने बांधलेल्याचा खरा फायदा मला हा वाटतो : प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, आणि ज्याला व्हॉल्व्ह कळतात तो कुणीही दुरुस्त करू शकतो.

ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (मेन्सच्या बाजूची गुंडाळी) २४० व्होल्टची आहे ना, हे ऑर्डर देतानाच विचारा. माझ्याकडे रात्री मीटर २४५ दाखवतं. व्होल्टेज चढलं की ट्यूबच्या हीटरचंही चढतं. उलट एका मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमात जनरेटरवर ते १९५ पर्यंत उतरलं आणि सगळा अ‍ॅम्प झोपेत वाजल्यासारखा वाजला. वजन तेरा किलो, अ‍ॅक्टिव्हावर पायाशी मावतो. पण पुण्याचे खड्डे पाहता ६व्ही६ ना स्प्रिंगच्या पकडी लावून घेतल्यात. आणि स्पीकरची वायर निघालेली असताना चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

रेकॉर्डिंगला मात्र तक्रार शून्य. दारावर दोन गोधड्या, व्हॉल्यूम सातवर, माइक स्पीकरच्या कोनच्या मधोमध न ठेवता कडेकडे, जाळीपासून दोन बोटं लांब. नंतर इक्यूला (आवाजातले जाड-बारीक सूर कमीजास्त करायच्या साधनाला) जवळजवळ हात लावावा लागत नाही. वेळ फक्त गुरुवारी अकरा ते एक, काकू भिशीला जातात तेव्हाची.

आता स्पीकर बदलायचं डोक्यात आहे. सध्याच्याची सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला किती आवाज) ९५ डेसिबल आहे, सेलेशन कंपनीच्या ग्रीनबॅकची ९८. तीन डेसिबल म्हणजे वॅट दुप्पट केल्यासारखंच, ट्यूबला हातही न लावता. काकूंना अजून सांगितलेलं नाही.