व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आल्यावर: खाजगी दवाखाना की सुरक्षा क्लिनिक?

रक्तदान केलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, "एकदा समक्ष येऊन जा." व्हीडीआरएल ही सिफिलिस या लैंगिक आजाराची प्राथमिक रक्तचाचणी; ती पॉझिटिव्ह, म्हणजे सिफिलिसची शक्यता. जुनी माणसं गरमी म्हणतात तोच. सांगलीत अशा वेळी दोन वाटा: त्वचारोगतज्ज्ञाचा खाजगी दवाखाना, नाहीतर सरकारी रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक, म्हणजे लैंगिक आजारांचा दवाखाना. मी दोन्हीकडे जाऊन आलोय. मेडिकलमधून अंदाजानं गोळ्या घेणं ही वाट मी धरतच नाही.

खाजगीत संध्याकाळी जाता येतं, कामाचा खाडा होत नाही. डॉक्टरही निवांत बोलले. दुखणं किती जुनं ते कळेना, म्हणून बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, आठवड्याच्या अंतराने ३ वेळा. इंजेक्शन मात्र आपण आणायचं, आणि माझं घोडं तिथंच अडलं. विश्रामबागपासून मिरजेपर्यंत पाच मेडिकल पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी उलगडायची, पोरगा नाव वाचून आतल्याला ओरडून विचारणार, शेजारचं गिऱ्हाईक वळून बघणार. एकानं तर "कुणाला पाहिजे?" म्हणून विचारलं. एक मिळालं कसंबसं. अजून दोनदा हीच वणवण करायची माझी तयारी नव्हती.

सुरक्षा क्लिनिकला सकाळची ओपीडी, केसपेपरची रांग, अर्धा दिवस मोडतो. ओळखीचं कुणी दिसेल ही धास्ती असतेच. पण उरलेली दोन्ही इंजेक्शनं तिथंच मिळाली, फुकट. दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख. औषध दाट, दोन दिवस गाडीवर बसवत नाही. समुपदेशक ताईंनी दार लावून घेतलं आणि आधी विचारलं, "घरच्यांची तपासणी केली का?" तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या खेपेला बायकोला घेऊन गेलो. दोघांची एचआयव्ही तपासणीही तिथंच झाली.

नंतरची तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीनं करा, नाहीतर आकडे जुळत नाहीत. टीपीएचए ही सिफिलिस पक्का करणारी चाचणी बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्हच राहते, त्यानं खचू नका. टायटर, म्हणजे व्हीडीआरएलचा आकडा, उतरतोय का ते बघा. माझा वर्षभरात १:३२ वरून १:८ वर आला.

रजा मिळत नसेल आणि डॉक्टर स्वतःकडे इंजेक्शन ठेवत असतील, तर खाजगीत जरूर जा. आधी फोन करून तेवढं विचारून घ्या. सरकारी केंद्राची माहिती १०९७ वर फुकट मिळते. मी मात्र पहिल्याच दिवशी केसपेपर काढायला हवा होता.