माजघराची जपानी बहीण: जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या सजावटीचा अनुभव

पाच माणसांच्या आमच्या घरात प्रत्येकाला निजायला जागा होती, पण सर्वांनी मिळून बसावे अशी खोली नव्हती. दिवाणखाना सोफ्याने अडवला होता आणि जेवणाचे टेबल मुलांच्या वह्यापुस्तकांनी. हे गाऱ्हाणे घेऊन आम्ही शहरातील एका सजावटकारांकडे गेलो, तेव्हा त्यांनी जपानी घरांतील 'चानोमा'च्या धर्तीवर योजना सुचवली.

चानोमा म्हणजे कुटुंबाची बसण्या-जेवण्याची खोली. तिथे 'चाबुदाई' हे पाय दुमडता येणारे बुटके टेबल असे; जेवण आटोपले की ते बाजूला सारायचे, जमिनीवरच्या त्याच 'तातामी' या जाड चटयांवर रात्री अंथरुणे घालायची आणि सकाळी ती 'ओशिइरे' या खोल कपाटात ठेवायची. 1955 मध्ये स्थापन झालेल्या जपानी गृहनिर्माण महामंडळाच्या सदनिकांतून टेबलखुर्चीवरचे जेवण रुळले आणि चानोमा मागे पडली. तरीही आजच्या अनेक जपानी घरांत दिवाणखान्याच्या एका बाजूला तातामीचा चौथरा बांधतात आणि त्याच्या पोटात खण काढतात. त्याला 'कोआगारी' म्हणतात. हे ऐकताना मला पाट-ताटे उचलताच गाद्या पडणारे आजोळचे माजघर आठवले. खोलीचे काम सामानाने ठरवू नये, वेळेने ठरू द्यावे, हे सजावटकारांना नेमके उमगले होते, आणि या सेवेचे खरे मोल मला तेच वाटते.

एक तातामी साधारण 180 सेंटिमीटर लांब व 90 सेंटिमीटर रुंद असते. आमचा चौथरा अशा चार तातामींच्या मापाचा आहे. मात्र वर लव्हाळ्याच्या चटईऐवजी सोलापुरी सतरंजी अंथरली आहे, कारण ती झटकता येते आणि धुताही येते. खिडकीला 'शोजी' या जपानी लाकडी चौकटीतल्या कागदाऐवजी दुधी काच बसवली. प्रकाश तसाच मऊ येतो आणि धूळ पुसता येते. दोन्ही निर्णय मला पूर्ण पटले.

उंचीच्या बाबतीत मात्र चूक झाली. पहिला चौथरा जेमतेम 20 सेंटिमीटर उंच केला होता, त्यावरून उठताना सासूबाईंना दर वेळी कोणाचा तरी हात धरावा लागे. आम्ही आग्रह धरल्यावर तो 40 सेंटिमीटर केला. आता त्या खुर्चीवर बसावे तशा कडेला बसून शेंगा सोलतात आणि मुले त्यांच्या पाठीशी अभ्यास करतात. त्या वाढीव सुतारकामाचे पैसे आमच्याकडूनच घेतले गेले, हे मला रास्त वाटले नाही, कारण घरात वयस्कर माणूस आहे हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगितले होते.

'फुसुमा' या जपानी दारांसारख्या सरकत्या दारांची खालची खाचही इथल्या धुळीने महिनाभरात भरली. आता दारे वरच्या पट्टीवर टांगून घेण्याचे ठरले आहे. असे काम करून घेणाऱ्यांनी ही पट्टी आणि चौथऱ्याची उंची, दोन्ही गोष्टी सुतार येण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्याव्यात.