पार्ट लोडने लांबवर घर हलवलं: काही महिने त्या सामानात राहिल्यावरचा अनुभव

सामान पोचलं त्याच आठवड्यात हे लिहिलं असतं, तर त्यात उशीर आणि धूळ यांखेरीज काही आलं नसतं. आता काही महिने त्याच सामानात राहून झालेत. कपाटांची दारं नीट बसतात का, मशीन आवाज करतं का, गादीला खळगा पडला का, हे कळायला एवढा काळ जावा लागतो. त्या भरवशावर सांगते: अंतर लांबचं असेल, खर्च आवाक्यात ठेवायचा असेल आणि तारखेची घाई नसेल, तर पार्ट लोडइतका चांगला मार्ग मला दुसरा दिसला नाही. पार्ट लोड म्हणजे एका गाडीत तीन-चार घरांचं सामान, प्रत्येकाने व्यापलेल्या जागेपुरतं भाडं द्यायचं. तारखेची अट मात्र अगदी खरी आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिलंय.

हे स्वस्त का पडतं ते आधी समजून घ्या, कारण भाव करताना तेच कामाला येतं. लांबच्या फेरीत मुख्य खर्च इंधनाचा, चालकाचा आणि गाडी परत आणण्याचा. गाडी अर्धी भरली काय किंवा पूर्ण भरली काय, हा खर्च फारसा बदलत नाही. पूर्ण गाडी घेतली की रिकाम्या जागेचे आणि बहुतेक वेळा परतीच्या फेरीचेही पैसे आपणच भरतो. पार्ट लोडमध्ये तो बोजा वाटला जातो. त्यातही, एखाद्याचं सामान टाकून आपल्याच दिशेने परत निघालेली रिटर्न गाडी मिळाली तर भाडं आणखी उतरतं, कारण त्या गाडीला कसंही करून परत जायचंच असतं. म्हणून चौकशी करताना पहिला प्रश्न दराचा विचारू नका. ‘त्या मार्गावर तुमच्या गाड्या रिकाम्या परत येतात का, आणि साधारण कधी?’ हे विचारा. आम्ही निघण्याची तारीख पक्की न सांगता दोन आठवड्यांची मुभा दिली, तेव्हा त्याच कंपनीने आधी सांगितलेला आकडा स्वतःहून खाली आणला. महिनाअखेर आणि शाळांच्या सुट्ट्या टाळता आल्या तर फरक आणखी वाढतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. घरसामानाच्या वाहतुकीत वजनापेक्षा जागाच जास्त मोजली जाते, आणि ती आपली आपण मोजता येते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, दहा लाखांनी भागा, की घनमीटर आले. एका घनमीटरमध्ये साधारण ३५.३ घनफूट. ६० बाय ७० बाय १७० सेंटिमीटरचा फ्रिज ०.७१ घनमीटर, म्हणजे २५ घनफूट भरतो. १२० सेंटिमीटर रुंद, ५५ खोल आणि १८० उंच असं कपाट उभंच्या उभं नेलं तर जवळजवळ १.२ घनमीटर, तेच फळ्या सुट्या करून नेलं तर एवढ्या जागेचा छोटा हिस्सा पुरतो. परदेशी जाणाऱ्यांसाठी एक मोजमाप: वीस फुटी कंटेनरच्या आत सुमारे ३३ घनमीटर जागा असते, पण घरसामान वेड्यावाकड्या आकाराचं असल्यामुळे ती पूर्ण कधीच वापरता येत नाही.

अशी मोजलेल्या वस्तूंची यादी हातात आली की निर्णय सोपे होतात. एकूण भाड्याला घनमीटरने भागायचं, आणि प्रत्येक मोठ्या वस्तूला तिच्या जागेचं भाडं लावायचं. ते भाडं त्याच वस्तूच्या जुन्या बाजारातल्या किमतीजवळ जात असेल तर ती वस्तू विका किंवा कुणाला तरी देऊन टाका. मला हा हिशेब फार मोलाचा वाटतो. दर पाडून मिळाले नसते इतके पैसे आमचे सामान कमी करून वाचले. आठवणी गुंतलेल्या वस्तूंना हा नियम लावू नका. त्या न्याच, आणि भाडं किती पडलं याचा विचारही करू नका.

पुस्तकं आणि उशा यांचा हिशेब एकमेकांच्या उलट आहे. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. आकाराचं वजन काढायला घनसेंटिमीटरला बहुधा ५००० ने भागतात. विमानाच्या मालवाहतुकीत ६००० चा भाजक रूढ आहे. ६० बाय ५० बाय ५० च्या खोक्यात उशा भरल्या तर वजन पाच किलोही भरत नाही, पण आकारणी ३० किलोची होते. ४० बाय ३० बाय ३० च्या खोक्यातली पुस्तकं मात्र वीस-बावीस किलो भरतात आणि त्यांचं आकाराचं वजन फक्त ७.२ किलो येतं. म्हणून उशा-गोधड्या गाडीतच, त्याही खोक्यांमधल्या फटी भरायला वापरलेल्या. पुस्तकं गाडीत जागा थोडी घेतात. तरी छापील मजकुरासाठी टपालाचा वेगळा स्वस्त दर आहे का, ते विचारून बघा. पुस्तकांचं खोकं याहून मोठं घेऊ नका. ते उचलता येत नाही, मग ते आदळलं जातं आणि तळातून फाटतं.

आता दरपत्रकं. तीन-चार ठिकाणांहून घ्या, पण सगळ्यांना तीच यादी, तेच मोजमाप आणि दोन्हीकडचे मजले सांगून. नाहीतर तुलना करण्यासारखं काही हातात उरत नाही. एकाने सामान न बघता, यादी न मागता फोनवरच बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा आकडा सांगितला होता. त्याला मी एवढंच म्हटलं, की हा आकडा अंतिम आहे असं लेखी द्या, त्यात हमाली, जिने आणि गाडी दारापर्यंत येत नसेल तर छोट्या गाडीचा खर्च धरलाय असंही लिहा. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. या धंद्यातली सर्वांत वाईट फसवणूक अशीच होते: कमी आकडा सांगून सामान ताब्यात घ्यायचं आणि उतरवायच्या वेळी ‘सामान जास्त निघालं’ म्हणून वाढीव रक्कम मागायची. घरातली प्रत्येक वस्तू तेव्हा त्यांच्या गाडीत असते, त्यामुळे माणूस देऊन मोकळा होतो. व्हिडिओ कॉलवर खोली-खोली बघून, यादी जोडून दिलेलं दरपत्रकच धरा. आणि बोलणारा माणूस गाडीमालकाचा आहे की मधला दलाल, तेही विचारा. दलाल असणं वाईट नाही, पण बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावतीवर, ज्याचं नाव येणार तो कोण हे आधी माहीत हवं.

पॅकिंग आम्ही घरीच केलं आणि तिथे चांगली बचत झाली. एक गोष्ट मात्र फारसं कुणी समजावून सांगत नाही. ट्रान्झिट विम्याच्या, म्हणजे वाटेतल्या सामानाच्या विम्याच्या, अनेक पॉलिसींमध्ये मालकाने स्वतः बांधलेल्या खोक्यातली फूटतूट धरत नाहीत. खोकं हरवलं किंवा गाडीला अपघात झाला तरच भरपाई मिळते. म्हणून आम्ही वाटणी केली: कपडे, पुस्तकं, भांडी, अंथरुणं आम्ही बांधली, टीव्ही, आरसे, काचेच्या फळ्या आणि मशिनं त्यांच्याकडून बांधून घेतली. पुन्हा वेळ आली तर अशीच वाटणी करेन.

विम्याची रक्कम ठरवतानाही हात आखडू नका. हप्ता वाचवायला सामानाची किंमत निम्मी दाखवली, तर बऱ्याच पॉलिसी नुकसानाचेही निम्मेच पैसे देतात, मग फुटलेली वस्तू एकच का असेना. आणि ‘आमची जबाबदारी असतेच’ या वाहतूकदाराच्या शब्दावर विसंबू नका. ती जबाबदारी पुष्कळदा वजनावर मोजतात.  पाटा-वरवंट्याला त्यात लॅपटॉपपेक्षा जास्त भरपाई मिळेल!

सामान खराब होतं ते रस्त्यापेक्षा गोदामात. पार्ट लोडचं सामान मध्ये एक-दोनदा उतरतं आणि दुसऱ्या गाडीत चढतं. तिथल्या हमालांनी आपलं घर पाहिलेलं नसतं. त्यांना दिसतो फक्त खोक्याचा वरचा भाग. म्हणून दुहेरी थराची मजबूत पुठ्ठ्याची खोकी, कडेपर्यंत भरलेली, कारण अर्धवट रिकामं खोकं वरच्या वजनाने दबतं. ताटल्या आडव्या रचू नयेत, एकेक गुंडाळून उभ्या ठेवाव्यात. प्रत्येक खोक्यावर क्रमांक आणि नाव, तेही निदान दोन बाजूंना आणि वर. आत काय आहे ते खोक्यावर लिहायचं नाही, आपल्या वहीत लिहायचं. गादी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शिवून घेतली. इतक्या धुळीतून ती स्वच्छ निघाली. पाऊस किंवा समुद्रप्रवास असेल तर काहीही ओलसर बांधू नका आणि चामड्याच्या वस्तूंत सिलिका जेलच्या पुड्या टाका. बंद कंटेनरमध्ये रात्रीच्या गारव्याने छताला दव धरतं आणि ते खाली गळतं.

मशिनांसाठी दोन कामं करावीच लागतात. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनला मागे ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात. ते नसतील तर आतला ड्रम रस्ताभर हिंदकळतो आणि स्प्रिंग, बेअरिंग यांवर ताण येतो. नवीन मशीन बसवताना कारागीर ते काढून देतो, तेव्हाच जपून ठेवा. नसतील तर मॉडेल क्रमांक सांगून मागवता येतात. नव्या घरी मशीन लावण्याआधी ते काढायचे. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, आतून कोरडा करून न्यायचा, आणि शक्यतो उभाच. आडवा झाला तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं. मग तो उभा करून काही तास, जास्त काळ आडवा राहिला असेल तर पूर्ण दिवसही, चालू करायचा नाही.

कागदपत्रं, दागिने, औषधं आणि लॅपटॉप आमच्याबरोबर होते. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्याच बॅगेत ठेवाव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या सहसा चालतात, १६० पर्यंतच्यांना विमान कंपनीची परवानगी लागते. रंगाचे डबे, पेट्रोल, गॅसच्या टाक्या सामानात देऊच नका.

सामान सांगितलेल्या मुदतीच्या शेवटच्या टोकाला आलं. मुदत ओलांडली नाही, पण तोवर जमिनीवर झोपावं लागलं. उतरवणाऱ्यांना पोच पावतीवर लगेच सही हवी होती. मी आधी क्रमांक जुळवले, दबलेल्या खोक्यांचे फोटो काढले आणि पावतीवर लिहिलं: ‘अमुक क्रमांकाची खोकी दबलेली, आतील माल तपासणे बाकी.’ ते थोडे कुरकुरले, पण थांबले. पुढे काचेची एक फळी तडकलेली निघाली, तेव्हा पैसे मिळाले ते या एका ओळीमुळे. मिळायला फार वेळ लागला. प्रत्येक वेळी नवा माणूस फोनवर येऊन पहिल्यापासून सगळं विचारायचा, आणि सेवेतली ही बाजू मला अजिबात आवडली नाही. सामान न्यायच्या आधी दिवसातून दोनदा फोन करणारी माणसं नंतर उत्तर द्यायला आठवडा घेतात, हे ग्राहकाशी नीट वागणं नव्हे.

आता काही महिन्यांनंतरचं चित्र. वॉशिंग मशीन आणि फ्रिज निर्धोक चालू आहेत. गादी जशी होती तशी आहे. सागवानी कपाट पुन्हा जोडलं तेव्हाही घट्ट होतं, आजही आहे. लाकडाच्या भुशाच्या फळ्यांचं कपाट मात्र पोचलं तेव्हा धड दिसत होतं. दोनेक महिन्यांत स्क्रूची भोकं सैल झाली, दार लोंबायला लागलं. अशा फळ्या एकदा उकलल्या की स्क्रू पहिल्यासारखा धरत नाहीत, मग पॅकिंग कितीही चांगलं असो. ते कपाट आहे तिथेच विकून नवीन घेणं परवडतं. टेबलाचा एक पाय खरचटला होता, तो पॉलिशने झाकला गेला. काही खोकी अजून बंद आहेत. ती उघडायची गरज पडली नाही, म्हणजे त्यांच्या जागेचं भाडं वाया गेलं.

नोकरीवर हजर व्हायची तारीख दोन दिवसांवर असेल, घरात तान्हं मूल किंवा अंथरुणावरचं माणूस असेल, तर पार्ट लोड घेऊ नका. अशा वेळी सामान कमी करून छोटी पूर्ण गाडी घ्यावी, रिटर्न मिळाली तर उत्तमच. तिच्यातलं सामान मध्ये कुठे उतरत नाही आणि चालकाचा नंबर आपल्याकडे असतो. नव्या घराची किल्ली उशिरा मिळणार असेल, तर गोदामात किती दिवस विनाशुल्क ठेवणार आणि त्यानंतर रोजचा दर काय, हे ठरवतानाच लेखी घ्या. तसंच गोदामातल्या त्या दिवसांत विमा चालू राहतो का, तेही विचारा. काही पॉलिसी माल गोदामात राहिला की ठरावीक दिवसांनी संपतात.