अडकणारं मॅगझिन सरळ करून देणारे मिस्त्री

वडिलांकडून लायसनसह माझ्याकडं आलेली इशापूर कारखान्याची .३१५ रायफल, सांगाडा जुन्या ली-एन्फिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीचाच. खानापूरकडं रानडुकरं भात ठेवत नाहीत, आणि हिची गोळी तिरकी उसळून चेंबरच्या, म्हणजे नळीत गोळी बसते त्या खोबणीच्या, कडेला आपटायची. एका दुकानदारानं बघितलं न बघितलं, नवं मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) घ्या म्हणाला.

बेळगावातल्या या बंदुकीच्या मिस्त्रींनी आधी डमी, म्हणजे न उडणाऱ्या, गोळ्या मागवल्या. पोऱ्याशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत, हात चालूच. "काडतुसाच्या बुडाला कडा असते की ओ. वरच्याची कडा खालच्याच्या पुढंच बसायला पाहिजे, मागं गेली की दोन्ही एकमेकांत अडकणार." माझं गोळ्या भरणं बरोबर होतं. मग मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, उजेडात धरून दाखवले: डावा जरासा फाकलेला. पक्कडीनं केसभर आत, डमी चालवून बघ, पुन्हा केसभर. जोर कुठंच नाही! स्प्रिंग काढून वाळलेलं ग्रीसही खरवडलं. आता पाचही गोळ्या सरळ जातात.

पैसे वाजवी. फोन मात्र उचलत नाहीत, आणि मूळ लायसन नसेल तर रायफल काउंटरवर ठेवूही देत नाहीत. झेरॉक्स चालत नाही.