खोडरबराने न पुसलेली पेन्सिल

१८० युरो गेले, आणि मी ते स्वतःच्या हाताने घालवले. जुन्या युरोपीय शहरांच्या चित्रांच्या प्रिंट ऑनलाइन मागवणाऱ्या दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितोय.

मी जर्मनीत ड्रेस्डेनला राहतो. इथे एल्ब नदीच्या काठावर 'कानालेटो-ब्लिक' (कानालेटोला दिसलेलं दृश्य) म्हणून जागा आहे. बेलोट्टो या चित्रकाराने १७४८ मध्ये या काठावरून शहर रंगवलं: फ्राउएनकिर्शे या चर्चचा घुमट, नदीवरचा पूल, आणि बांधकाम चालू असल्यामुळे परांचीत अडकलेला होफकिर्शे या दुसऱ्या चर्चचा मनोरा. आई-बाबा सांगलीहून यायच्या आत ते चित्र घरात लावायचं होतं. (प्रिंटच्या ऑनलाइन जाहिरातीत चित्रकार 'कानालेटो' लिहिला होता, ती मात्र लबाडी नव्हे. व्हेनिसचा चित्रकार कानालेटो हा बेलोट्टोचा मामा; इकडे भाच्यालाही त्याच नावाने ओळखतात.)

जाहिरात म्हणत होती: कॉटनचा कागद, पिगमेंट शाई, फक्त २०० प्रती, पेन्सिलने हाताने घातलेला नंबर, सोबत सर्टिफिकेट. आकार ८० बाय ६० सेंटिमीटर. मूळ चित्र २३७ बाय १३३! खरं तर इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. इतकं आडवं चित्र ८० बाय ६० मध्ये बसवायचं तर जवळजवळ पाव भाग कापावाच लागतो. फोटोत अख्खं चित्र दिसत होतं, म्हणून मी गणित केलंच नाही.

त्याहून मोठा गाढवपणा पैसे देताना केला. 'मित्राला पैसे पाठवा' हा पर्याय वापरलात तर १० युरो कमी, असं विक्रेत्याने कळवलं. मी खूश. त्या पर्यायात खरेदीचं संरक्षण, म्हणजे फसवणूक झाली तर पैसे परत मिळण्याची सोय, मिळत नाही, हे नंतर वाचलं.

नळकांडं आलं. चित्र दोन्ही कडांनी कापलेलं, तरी रंग बरे वाटले, म्हणून फ्रेम करायला नेलं. दुकानातल्या म्हाताऱ्याने भिंग लावलं आणि काही न बोलता ते माझ्या हातात दिलं. आकाशात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके, फुलासारखे गोल मांडलेले. छापखान्यात घाऊक छापलेल्या साध्या ऑफसेट पोस्टरला असतात तसे. मग त्याने खोडरबर काढला आणि कोपऱ्यातल्या ३७/२०० वर घासला. काही पुसलं गेलं नाही. पेन्सिलसुद्धा छापलेली!

विक्रेत्याला लिहिलं. 'ऑर्डरप्रमाणे बनवलेला माल परत घेत नाही,' एवढंच उत्तर आलं, मग तेही बंद. वेबसाइटवर पत्ता नव्हता. जर्मनीत तो द्यावाच लागतो, आणि मी तो शोधलाही नव्हता. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली आहे, बघू.

आई-बाबांना शेवटी मूळ चित्रच दाखवायला संग्रहालयात नेलं. आई बराच वेळ मनोऱ्याकडे बघत होती. म्हणाली, "घरातल्या चित्रात ही परांची एवढी स्पष्ट कुठे दिसते रे?"