विश्रामबागच्या क्लासच्या सी नोट्स: स्ट्रिंगचं प्रकरण

सांगलीत विश्रामबागला इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये एका क्लासच्या, सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्पायरल नोट्स फिरतात. त्यातलं स्ट्रिंगचं, म्हणजे मजकूर साठवण्याचं, प्रकरण जरूर घ्या, पण दोन पानं दुरुस्त करूनच वापरा.

प्रकरणाचं म्हणणं असं, की जागोजागी 'टेम्प' नावाचे तात्पुरते ॲरे (मजकूर ठेवायच्या ठरावीक मापाच्या जागा) करू नका, मजकुराच्या जोडाजोडीला एकच हेल्पर फंक्शन लिहा. त्यासाठी निवडलेलं उदाहरण फार छान आहे. २० बाइटच्या टेम्पमध्ये 'सांगली-४१६४१६' तयार करायचंय. दिसायला १० अक्षरं, म्हणजे जागा भरपूर वाटते. पण यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत स, ग, ल तर ३-३ बाइट खातातच, शिवाय काना, अनुस्वार आणि वेलांटीही प्रत्येकी ३ घेतात. नावाचे झाले १८, डॅशचा १, पिन साध्या इंग्रजी आकड्यांत धरला तर ६, शेवटी स्ट्रिंग संपल्याची खूण, म्हणजे नल, १: एकूण २६. स्ट्रकॉपी या नक्कल करणाऱ्या फंक्शनने नाव बसतं, स्ट्रकॅट या शेवटी जोडणाऱ्या फंक्शनने डॅश लावला की नलसकट २० बाइट काठोकाठ भरतात, आणि पिन जोडताना ६ बाइट शेजारच्या मेमरीत सांडतात. तिथे काय ठेवलं होतं, त्यावर प्रोग्रॅम चालायचा की पडायचा ते ठरतं.

नोट्समधला हेल्पर बफर (मजकूर लिहायचा ॲरे) आणि त्याची साइझ दोन्ही मागून घेतो आणि आत एसएनप्रिंटएफ वापरतो, जे दिलेल्या साइझपलीकडे लिहीत नाही. हे योग्यच. फंक्शनच्या आत साइझऑफने माप काढलं तर ॲरेचं नव्हे, पॉइंटरचं (ॲरेच्या पत्त्याचं) माप, ६४ बिट मशीनवर ८ बाइट, मिळतं, हेही नीट सांगितलंय. चूक पुढे आहे: हेल्पर व्हॉइड आहे, म्हणजे काहीच परत देत नाही. त्याच २० बाइटमध्ये आता 'सांगली-' एवढंच उरतं, पिन गुपचूप जातो. एसएनप्रिंटएफ २५, म्हणजे पूर्ण मजकुराचे नल सोडून बाइट, परत देत असतं. तो आकडा साइझएवढा किंवा जास्त असेल तर मजकूर कापला गेलाय. हेल्परने तोच आकडा परत द्यायला हवा. पिन नसलेला पत्ता पडलेल्या प्रोग्रॅमपेक्षा वाईट, कारण तो कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं पान स्टॅटिक ॲरे, म्हणजे प्रत्येक वेळी तीच एक जागा, परत देणाऱ्या हेल्परचं. छापणाऱ्या एकाच प्रिंटएफमध्ये तो सांगली आणि साताऱ्यासाठी बोलावला, तर एकच गाव दोनदा छापलं जातं. ते पान खोडा.

टेम्पवर सरसकट बंदी मात्र पटत नाही. ३२ बिटचा इंट (पूर्णांक) मजकुरात आणायला १२ बाइटचा टेम्प पुरतो. वजा चिन्ह आणि नलसुद्धा त्यात येतात. त्याच बफरमधून वाचून एसएनप्रिंटएफने त्यातच लिहिणं तर नियमबाह्य आहे, तिथे टेम्प लागतोच. नोट्समध्ये याचा उल्लेखच नाही.

झेरॉक्स प्रत घेताना कोडची पानं उजेडात बघून घ्या. कोडमध्ये नल उलटा स्लॅश आणि शून्य असा लिहितात, पुसट छपाईत त्यातला स्लॅश उडालेला असतो. तो गेला की नलऐवजी ४८ किमतीचं शून्य हे अक्षर बसतं आणि स्ट्रिंग संपतच नाही.