वसाहतकाळातला अमेरिकन पूर्वज: आधी जमिनीचे दस्त चाळायचे की मृत्युपत्रं?

अमेरिकेत बोटीने येणाऱ्या प्रवाशांच्या सरकारी याद्या १८२० पासून पद्धतशीर मिळतात. त्याआधीच्या दोनशे वर्षांत इंग्लंडहून व्हर्जिनियाला किंवा मॅसॅच्युसेट्सला जो उतरला, त्याचं नाव बंदरावर बहुधा कुणी लिहूनच घेतलं नाही. मोठा अपवाद १७२७ नंतर फिलाडेल्फियाला उतरलेल्या जर्मन पुरुषांचा. त्यांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे, म्हणून त्यांच्या याद्या उरल्या. बाकीच्यांच्या मागावर निघायचं तर हाताशी मुख्यतः दोन ढीग उरतात: त्यांनी घेतलेल्या-विकलेल्या जमिनीचे दस्त, आणि ते मेल्यावर कोर्टात जमा झालेले प्रोबेटचे, म्हणजे मृताच्या मालमत्तेची व्यवस्था लावण्याचे, कागद.

अमेरिकेतल्या मराठी घरांतही आता हा प्रश्न येतो. नातवंडांच्या वंशावळीत आपली बाजू कुलवृत्तांत उघडून भरता येते. अमेरिकन सुनेची किंवा जावयाची बाजू मात्र ‘अंदाजे १६५०, व्हर्जिनिया’ अशा एका ओळीपाशी अडते. शनिवार-रविवारचा वेळ आधी कोणत्या ढिगात घालावा, याला माझं एकच एक उत्तर नाही. पूर्वज कोणत्या वसाहतीत उतरला, यावर ते ठरतं.

जमिनीचे दस्त

यात पहिला कागद पेटंटचा, म्हणजे राजाच्या किंवा वसाहतीच्या मालकाच्या नावाने दिलेली जमिनीची सनद. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमध्ये सनदेच्या आधी वॉरंट (जमीन मोजून देण्याचा हुकूम) आणि मोजणी असे दोन टप्पे असत आणि त्यांचेही कागद राहतात. त्यानंतर पुढची सगळी खरेदीखतं, बक्षीसपत्रं, गहाणखतं. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींत, पहिलं वाटप गावाने केलेलं असतं, त्यामुळे ते गावाच्या दफ्तरात शोधावं लागतं.

दक्षिणेकडच्या वसाहतींत यातला सर्वांत गाजलेला प्रकार म्हणजे हेडराइट. व्हर्जिनियात १६१८ पासून नियम असा की स्वतःच्या खर्चाने जो कुणी माणूस वसाहतीत आणेल, त्याला माणशी ५० एकर. सनदेखाली त्या माणसांची नावं. नवखा संशोधक इथे हरखतो: आजोबांच्या आजोबांचे आजोबा सापडले, साल मिळालं! थोडं थांबावं. सनदेवरची तारीख जमीन मिळाल्याची असते, माणूस उतरल्याची नव्हे. मधे काही वर्षं सहज गेलेली असू शकतात. हे हक्क विकले जात, एकाच माणसावर दोन-दोन दावे लागत, आणि जहाजाचे कप्तानही त्यावर हात मारत. शिवाय नाव ज्या सनदेखाली आहे, त्या जमिनीशी त्या माणसाचा काही संबंध असेलच असं नाही. तो बहुतेकदा चार ते सात वर्षांच्या कराराने बांधलेला नोकर असे. यादीतून हाती येतं ते इतकंच: सनदेच्या तारखेपूर्वी या नावाचा कुणीतरी व्हर्जिनियात आला असल्याचा दावा झाला होता. मेरीलँडमध्ये ही पद्धत १६८३ ला बंद झाली. व्हर्जिनियाच्या उत्तरेकडच्या ‘नॉर्दर्न नेक’ या खाजगी जहागिरीत ती नव्हतीच, तेव्हा तिथे हेडराइट शोधत बसू नये.

तरीही ज्यांचं नाव दुसऱ्या कुठल्याच कागदावर येणार नाही, अशी माणसं या याद्यांत भेटतात. १६३० च्या दशकात जॉर्ज मेनेफी नावाच्या व्यापाऱ्याच्या हेडराइटमध्ये ‘टोनी, ईस्ट इंडियन’ अशी नोंद आहे. हिंदुस्थानातून व्हर्जिनियात पोचलेल्या माणसाचा हा अगदी सुरुवातीचा लेखी पुरावा धरला जातो. एवढी एक नोंद सोडली तर त्याच्याबद्दल जवळजवळ काहीच हाती लागत नाही. मागे मालमत्ता ठेवली तरच माणसाचं स्वतःचं प्रोबेट होतं, आणि टोनीसारखे लोक तिथवर पोचत नसत.

जमिनीच्या कागदांची खरी ताकद पाहायची तर अँथनी जॉन्सनचं घराणं पाहावं. अंगोलातला हा माणूस १६२१ मध्ये व्हर्जिनियात आणला गेला, तेव्हा कागदावर त्याचं नाव नुसतं अँटोनियो. पुढे तो मुक्त झाला आणि १६५१ मध्ये पाच हेडराइट दाखवून त्याने २५० एकरांची सनद मिळवली. १६६० च्या दशकात घराणं मेरीलँडला सरकलं. १६७० मध्ये, अँथनीच्या मृत्यूनंतर, व्हर्जिनियातल्या पंचांनी निकाल दिला की तो काळा, म्हणून परका, म्हणून त्याची जमीन सरकारजमा करता येईल. आणि १६७७ मध्ये त्याच्या नातवाने मेरीलँडमध्ये ४४ एकर घेतले, त्या तुकड्याला नाव दिलं ‘अंगोला’. मेरीलँडमध्ये जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला नाव द्यायची चाल होती. जन्मदाखला नाही, चर्चची नोंद नाही, पण कुटुंब मूळचं कुठलं ते जमिनीच्या नावात राहिलं. एवढं नशीब सगळ्यांचं नसतं, हेही खरं. तरी मेरीलँडच्या पूर्वजाच्या जमिनीचं नाव मी नेहमी इंग्लंडच्या नकाशावर शोधून पाहते. कधी आडगावचं एखादं खेडं सापडतं, आणि त्या गावातल्या चर्चच्या नोंदी तपासायला निमित्त मिळतं.

दुसरी ताकद चतुःसीमेत आहे. वसाहतींतल्या मोजण्या झाड, ओढा, शेजाऱ्याची हद्द अशा खुणांवर चालत. अंतर ‘पोल’मध्ये, एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. एकाच काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) तीन जॉन स्मिथ असतील तर मृत्युपत्रांवरून त्यांची सरमिसळ सुटत नाही. जमिनीवरून सुटते: ओढ्याच्या उत्तरेचा जॉन वेगळा, गिरणीजवळचा वेगळा. शेजारीही महत्त्वाचे, कारण माणसं एकाच गावाहून गटाने येत आणि शेजारीशेजारी जमिनी घेत. पूर्वजाचं मूळ गाव सापडत नसेल तेव्हा त्याला लागून ज्यांच्या हद्दी आहेत, त्यांचं मूळ गाव शोधावं. मोजणीवरून नकाशा काढायचा हा उद्योग कंटाळवाणा आहे, पण व्हर्जिनियात त्याला पर्याय मला दिसलेला नाही.

दोष? नाती फार कमी. विक्रीच्या दस्तात बायकोचं नाव येतं, कारण नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा तहहयात एक-तृतीयांश हक्क असे आणि तो तिने सोडावा लागे. पण माहेरचं आडनाव त्यात सहसा नसतं.

प्रोबेटचे कागद

मृत्युपत्र हा यातला फक्त एक कागद. मालमत्तेची यादी, कारभाऱ्याचं जामीनपत्र, जमाखर्च, वाटणी, अज्ञान मुलांच्या पालकाची नेमणूक हे सगळं त्याच फायलीत किंवा शेजारच्या वहीत असतं. मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाचेही कागद तयार होत. ‘मृत्युपत्र नाही, म्हणजे प्रोबेट नाही’ असं समजून लोक सोडून देतात, आणि मुलांची सगळी नावं असलेली वाटणी तशीच पडून राहते.

नात्यांच्या बाबतीत हा ढीग दस्तांच्या कितीतरी पुढे आहे. बायको, मुलगे, लग्न झालेल्या मुली त्यांच्या नव्या आडनावांसह, कधी इंग्लंडात राहिलेला भाऊ. फक्त नात्यांचे शब्द आजच्या अर्थाने घेऊ नयेत: त्या काळच्या मृत्युपत्रात ‘सन-इन-लॉ’ म्हणजे सावत्र मुलगा असू शकतो आणि ‘कझिन’ म्हणजे पुतण्या. १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे फेब्रुवारीतलं मृत्युपत्र आणि एप्रिलमधलं प्रोबेट यांच्या सालांत एकाचा फरक दिसला तरी मधे वर्ष गेलेलं नसतं.

वारसाचा कायदा मात्र वसाहतीगणिक वेगळा होता, आणि पूर्वज कुठे उतरला हे मी आधी विचारते ते याच कारणाने. मॅसॅच्युसेट्समध्ये मृत्युपत्र नसेल तर सगळ्या मुलांना वाटा, थोरल्या मुलाला दुप्पट. म्हणजे वाटणीत सगळी भावंडं येणार. व्हर्जिनियात १७८५ चा कायदा येईपर्यंत मृत्युपत्र नसेल तर जमीन आपोआप थोरल्याकडे जाई. तिथला बाप मृत्युपत्र करतो तेव्हाही कधी धाकट्यांना गाय, घोडी, तंबाखू वाटतो आणि थोरल्याचा उल्लेखच करत नाही, कारण त्याला कायद्यानेच मिळणार. अशा ठिकाणी प्रोबेट वाचून ‘याला थोरला मुलगा नव्हता’ असा निष्कर्ष काढला की वंशावळीची एक फांदी गेली. तो मुलगा दस्तांत सापडतो: कधीही विकत न घेतलेली जमीन एक दिवस तो विकतो.

आणि समुद्र ओलांडायचा असेल तर प्रोबेटसारखं दुसरं काही नाही, पण ते प्रोबेट पलीकडच्या किनाऱ्यावरचं. विद्यापीठाला ज्याचं नाव आहे तो जॉन हार्वर्ड १६३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला आला आणि पुढच्याच वर्षी चार्ल्सटाउनला वारला. अर्धी मालमत्ता आणि सुमारे ४०० पुस्तकं नव्या कॉलेजला तोंडी सांगून देऊन गेला. तो इंग्लंडात कुणाचा मुलगा, हे अमेरिकेतल्या कागदांतून जवळपास अडीचशे वर्षं उलगडलं नाही. १८८५ मध्ये हेन्री वॉटर्स या वंशावळ-संशोधकाने लंडनमधली मृत्युपत्रं चाळून ते लावलं. बाप लंडनच्या सदर्क भागातला खाटीक, १६२५ च्या प्लेगात गेलेला. आई कॅथरीन त्यानंतर आणखी दोनदा लग्न करून कॅथरीन यरवुड या नावाने वारलेली. नुसतं ‘हार्वर्ड’ आडनाव शोधणाऱ्याच्या हाती तिचं मृत्युपत्र लागलंच नसतं.

वॉटर्सने चाळलेला मुख्य साठा, म्हणजे कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टाची (मृत्युपत्रं मंजूर करणाऱ्या चर्चच्या कोर्टाची) १३८४ ते १८५८ ची मृत्युपत्रं, आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि त्याची सूची ऑनलाइन शोधता येते. इंग्लंडात मालमत्ता ठेवून वसाहतीत मेलेल्यांची प्रकरणंही याच कोर्टात येत.

प्रोबेटबद्दल एक गोष्ट राहून जाते, कारण तिच्याबद्दल बोलायला लोक बिचकतात. पूर्वज गुलाम म्हणून आणला गेलेला असेल, तर त्याचं नाव मालकाच्या मालमत्तेच्या यादीत, गुरं आणि भांडी यांच्या मधे, किमतीसह सापडतं. वाचवत नाही. पण आई आणि लेकरं एका ओळीत लिहिलेली असतात, आणि अनेक घराण्यांना एवढाच धागा मिळतो. करारावरच्या गोऱ्या नोकरांचीही उरलेली वर्षं तिथेच नोंदलेली असतात.

कागद शिल्लक आहेत का?

दोन ढिगांची तुलना कितीही केली तरी निम्मा निर्णय आगीने आधीच करून ठेवलेला असतो. व्हर्जिनियात काउंटी कोर्टांची दफ्तरं मोठ्या प्रमाणात गेली. हॅनोव्हरसारख्या काउंट्यांनी यादवी युद्धात सुरक्षित म्हणून आपल्या वह्या रिचमंडला पाठवल्या आणि त्या १८६५ च्या एप्रिलमध्ये रिचमंडच्या आगीत जळाल्या. तिथे बहुतेक मृत्युपत्रं नाहीत आणि खरेदीखतंही नाहीत. पण राजाच्या सनदा काउंटीत नव्हत्या, वसाहतीच्या मध्यवर्ती दफ्तरात होत्या. १६२३ पासूनच्या त्या सनदा वाचल्या आणि लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने त्या ऑनलाइन ठेवल्या आहेत. मेरीलँडमध्ये प्रोबेट १७७७ पर्यंत मध्यवर्ती कोर्टाकडे होतं, त्यामुळे एखाद्या काउंटीचं दफ्तर गेलं तरी ॲनापोलिसला कागद मिळण्याची आशा असते. न्यू इंग्लंडची स्थिती एकंदर बरीच सुखाची.

पैशांचा प्रश्न आता पूर्वीइतका उरलेला नाही. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर दोन्ही प्रकारच्या असंख्य वह्यांची छायाचित्रं फुकट आहेत, आणि २०२४ पासून त्यांनी हस्तलिखितांतला शब्दन्‌शब्द शोधायची सोय आणली, तीही अमेरिकन जमीन आणि प्रोबेटच्या नोंदींपासून. याने एक मोठा फरक पडला: साक्षीदार, शेजारी, मालमत्तेची किंमत ठरवणारे पंच, ज्यांची नावं जुन्या सूच्यांत नव्हती, ती आता सापडतात. यंत्र सतराव्या शतकातलं अक्षर चुकीचं वाचतं, तेव्हा आडनावाची चार-पाच स्पेलिंगं आणि ओढ्याचं नाव असं दोन्ही टाकून पाहावं.

मग आधी काय? न्यू इंग्लंड असेल तर मी प्रोबेटपासून सुरुवात करते. नाती एकदा लागली की दस्त वाचणं सोपं जातं. व्हर्जिनिया आणि कॅरोलिना असतील तर आधी जमीन, आणि नाव जितकं सामान्य तितकं जमिनीला जास्त महत्त्व. मेरीलँडला दोन्ही एकदम, कारण दोन्ही ॲनापोलिसलाच आहेत. पेनसिल्व्हेनियाचा जर्मन असेल तर शपथेच्या यादीतली सही आणि जमिनीच्या कागदावरची सही शेजारी ठेवून पाहावी. परक्याला जमिनीचा पक्का हक्क हवा तर नागरिकत्व घ्यावं लागे, म्हणून १७४० नंतरच्या नागरिकत्वाच्या याद्याही त्याच बैठकीत उघडाव्यात. पूर्वज गुलाम असेल तर आधी मालकाचं प्रोबेट.

आणि कोणत्याही वसाहतीत बापाच्या मृत्यूनंतरच्या तीस-चाळीस वर्षांतले विक्रीचे दस्त चाळल्याशिवाय उठू नये. विधवा गेल्यावर किंवा धाकटा सज्ञान झाल्यावर सगळे वारस मिळून जमीन विकतात, आणि त्या एका दस्तात भाऊ, बहिणी, त्यांचे नवरे आणि तोवर कोण कुठे राहायला गेलं ते सगळं लिहिलेलं असतं. तो दस्त बापाच्या नव्हे, सूचीत थोरल्या मुलाच्या किंवा एखाद्या जावयाच्या नावाखाली असतो.